नळाच्या रांगेतल्या मास्तरीणबाई

मास्तरीणबाईंना मांडी घालून बसता येत नसे. योग शिकवणाऱ्या बाईला मांडी येत नाही, हे कळल्यावर समोरची हसायची आणि बाई तिला हसू द्यायच्या. "माहे गुडघे चार घरच्या फरश्यांनी खाल्ले," असं म्हणून त्या उभ्यानेच शिकवायला लागायच्या.

त्यांना योग मी शिकवला, असं मी लोकांना सांगत असे. ते अर्धंच खरं आहे. आमच्या योग मंडळाने नागपुरातल्या एका वस्तीत बायकांसाठी मोफत वर्ग काढला आणि मला पाठवलं. मंडळाचा नियम पहाटे पाचचा, उपाशीपोटी. मी समाजभवनात नव्या चटया अंथरल्या. चार दिवस एकट्या याच बाई आल्या, धापा टाकत. बाहेर बायकांच्या गुंडांचा, म्हणजे पाण्याच्या घागरींचा, आणि बादल्यांचा गलका चाले. ध्यानात व्यत्यय नको म्हणून मी खिडकी लावून घेतली. पाचव्या दिवशी त्याही आल्या नाहीत. मी अहवालात लिहिलं, "येथील महिलांना योगात रुची नाही," आणि चटया परत नेल्या.

दोन वर्षांनी आमच्याकडे धुणीभांडी करणारी सुनीता फरशी पुसून उठली आणि कमरेवर हात ठेवून मागे वाकली. अगदी शास्त्रशुद्ध. कुठे शिकलीस, असं विचारलं तर म्हणाली, "आमच्या वस्तीत मास्तरीणबाई हाये ना." मला राहवेना. दुसऱ्याच पहाटे मी तिथे गेलो. वस्ती तीच, जिथून मी चटया परत नेल्या होत्या.

समाजभवनापासून पन्नास पावलांवर नळ. पंधरा-वीस बायका रांगेत उभ्या होत्या आणि सगळ्या मिळून टाचा उचलत होत्या. बाई रांगेतून फिरत. नवी कुणी दिसली की आधी विचारत, "तुह्यं काम काय वं?" शिवणकाम म्हटलं की मान, भांडी म्हटलं की मनगटं. "दिवसभर ज्या अंगानं वाकली, त्याच्या उलटं वळ," एवढंच त्यांचं शास्त्र. मी वीस वर्षं शिकवतोय, पण समोरच्याला त्याचं काम कधी विचारलं नव्हतं.

एक जण म्हणाली, "मास्तरीणबाई, माहा नवरा म्हणते, नळावर नाचून राहिली काय?"

"त्याले म्हण, उद्या गुंड तू आन. मी घरीच नाचीन."

रांग हसली. पाणी आलं, तशी मोडलीही. मग मी बाईंना विचारलं, पाचव्या दिवशी तुम्ही का आला नाहीत?

"बादली रांगेत ठेवून येत होती, सर. परत जाऊन पाहा तं नळ गेलेला. चार दिवस शेजारणीनं पानी देल्लं. पाचव्या दिवशी कोन देईल?"

मी तिथेच अहवालाचं सांगून टाकलं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "मंग तो कागद बदला. आमाले जागा पायजे. उभ्यानं मान-खांदे होतात, कमरेसाठी आडवं पडा लागते. रस्त्यावर कोन आडवं पडंल? अन् जिची कंबर गेली, तिची कामाची घरं सुटतात."

बदलतो, म्हणालो. पण कागद बदलायचा म्हणजे मंडळाच्या बैठकीत उभं राहून, मी नळाची वेळसुद्धा विचारली नव्हती, हे सांगायचं. प्रत्येक बैठकीला मी तो विषय पुढच्या बैठकीवर ढकलत होतो. असे आठ महिने गेले. तेवढ्यात बाईंचीच कंबर धरली. एकेक करून चारही घरं सुटली. सुनीताने हे मला सांगितलं, तेव्हा कुठे मी बोललो. मंडळाने अर्ध्या तासात वर्ग मंजूर केला.

मंजुरीचा कागद घेऊन गेलो, तर बाईंच्या दारात ऑटो उभा. लेक त्यांना सावनेरला आपल्या घरी न्यायला आली होती. बाई भिंत धरून उभ्या होत्या. "वाचून दाखवा," म्हणाल्या. मी वाचलं. समाजभवन, चटया, आणि सुनीताला विचारून ठरवलेली वेळ, रोज दुपारी तीन.

"तीन बरोबर हाये," त्या म्हणाल्या. "तवा साऱ्या घरी राहतात."

मला माफी मागायची होती. त्याऐवजी त्यांची पत्र्याची पेटी ऑटोत ठेवायला वाकलो.

"असं नाई, सर," त्या मागून म्हणाल्या. "गुडघ्यातून वाका. नाई तं तुमचीही कंबर जाईल."

मी गुडघ्यातून वाकलो आणि पेटी उचलली.