विहीणबाई यायच्या आत गरम पाणी

लातूर उस्मानाबादेतून सुटून नवा जिल्हा झालं, त्याच साली पंचफुला जन्मली. आयटीआयला इलेक्ट्रिकलच्या वर्गात ती एकटीच पोरगी. मास्तरांनी पहिल्याच दिवशी टोमणा मारला, "शिवणकामाचा वर्ग पलीकडं हाय बरं." तिनं बंद पडलेला पंखा खोलला आणि तास संपायच्या आत फिरवून दाखवला. तेव्हापासून तिच्या नादी कुणी लागलं नाही. आता चौतिसाव्या वर्षी स्कूटीला हत्यारांची पिशवी अडकवून ती गावभर मिक्सर, पंखे, मशिनी दुरुस्त करत फिरायची, आणि गिऱ्हाइकाला चार शब्द सुनावल्याशिवाय तिला चहा गोड लागायचा नाही.

ते दुष्काळाचं साल होतं. लातूरला प्यायचं पाणी रेल्वेनं येत होतं. अशात एका सकाळी गोदावरीकाकूंचा रडवेला फोन आला. "पंचफुला, असशील तशी ये गं! कपडे धुवायचं मशीन पाणीच तापवत नाही."

काकूंची एकुलती एक लेक सौदामिनी, तिला सातवा लागलेला. पहिलं बाळंतपण माहेरी, ही तर जगाची रीत. पण सासर पडलं अर्धापूरचं, कालव्याचं, केळीच्या बागांचं. विहीणबाईंनी फोनवर बजावलं होतं, "लातुरात प्यायला पाणी न्हाई, लंगोटं कशात धुणार? पोरगी इथंच ऱ्हाईल." काकूंनीही तोऱ्यात सांगून टाकलं, "आमच्याकडं गरम पाण्याचं मशीन आहे म्हटलं!" आज दुपारी विहीणबाई ते मशीन स्वतःच्या डोळ्यांनी बघायला येणार होत्या.

"थंडगार कपडे हातात आले की संपलंच," काकू पदरानं डोळे पुसत म्हणाल्या. "लेक काही माझ्या घरी येत नाही."

"रडायचं मागून. आधी चहा टाका," पंचफुला म्हणाली. "बोअरचं खारं पाणी वापरता, हीटरवर क्षार चढला असंल. दुसरं काय?"

तिनं मशीन खोलून हीटर बाहेर काढला. बघते तर चुना फासल्यागत पांढराफेक! तासभर खरवडून लख्ख केला, मीटर लावून तपासला, परत बसवला. ती हात धूत होती तेवढ्यात काकूंनी कपडे टाकून मशीन चालू केलं. अर्ध्या तासानं पंचफुलानं काचेला हात लावला. गार! आता मात्र तिचंच तोंड उतरलं. घड्याळात एक वाजून गेला होता.

हीटर चांगला, वायरी चांगल्या, पण हीटरपर्यंत करंटच पोचत नव्हता. ती डोकं खाजवत बसली. मग म्हणाली, "काकू, तुम्ही रोज लावता तसं लावा बरं पुन्हा. मी तोंडातून शब्द काढणार न्हाई." हे तिच्या दृष्टीनं फार अवघड काम होतं.

काकूंनी कपडे टाकले, बटन फिरवलं. पाणी येऊ लागलं. काचेच्या तळाशी जरा चमकलं न चमकलं, तोच काकूंनी मागं हात घालून नळ करकचून बंद केला.

"ओ काकू! हे काय?"

"अगं, भरू दिलं तर बादलीभर ढोसतं मेलं! महिना झाला मी असंच करते. फिरतात की कपडे!"

पंचफुला फरशीवर बसून हसली, पोट दुखेपर्यंत हसली. "अहो, फिरायला एवढं पुरतं. पण पाणी वर चढल्याबिगर आतला स्विच हीटरला करंट सोडत न्हाई. कोरडा हीटर जळून जाईल की! अन् मी येडी, काही न विचारता खोलून बसले."

नळ सुटला. वीस मिनिटांत काच कोमट झाली, मग गरम. काकूंनी दोन्ही तळहात काचेला लावले आणि तशाच उभ्या राहिल्या. तेवढ्यात दारात विहीणबाई! त्यांनी चप्पल काढली, पाणीसुद्धा न पिता मशीनपुढं पाट ओढून बसल्या.

"पाणी किती पितं हे?"

काकूंनी पंचफुलाकडं बघितलं. सांभाळून घे, असं डोळ्यांनी विनवलं. पण पंचफुलाला खोटं बोलता येत असतं तर आणखी काय पाहिजे होतं! "एक बादली धुवायला, दोन खळबळायला," ती म्हणाली. "खळबळल्यालं पाणी बादलीत धरायचं, ते पुढल्या धुण्याला."

"मी आंघोळीचं पाणी अर्ध्यावर आणीन," काकू घाईघाईनं म्हणाल्या. "पण बाळाचं सगळं गरम पाण्यातच धुईन."

पंचफुलानं मशीन थांबवून पाणी बादलीत काढलं, तसा विहीणबाईंनी वाफाळता टॉवेल बाहेर काढून गालाला लावला. मग म्हणाल्या, "सोमवारी आणून सोडते पोरीला."

काकूंना खरंच वाटेना. "पण विहीणबाई, तुमच्याकडं एवढं पाणी…"

"पाणी मायंदाळ हाय. पण तिथं लंगोटं धुवायला सून आपणहून उठंल, अन् मी काही तिला बस म्हणणार न्हाई. माझा सोभाव मला ठावं हाय. तुम्ही तिला उठू द्यायच्या न्हाईत."