झोपलेल्या चादरींची यादी

एकेचाळिसावं लिंग मागं पडलं तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं, आणि दाक्षायणी अजून त्याच प्रश्नावर अडून होती.

"पण अक्का, मी तर नकलेवर हात चालवला की. मग मूळ कसं गेलं?"

 महानंदानं हातातला तांब्या दुसऱ्या हातात घेतला आणि म्हणाली, "तू पहिल्यापासून सांग बाई. मला त्यातलं नक्कल तेवढं कळलं."

दोघी मैत्रिणी पहाटे सिद्धेश्वराच्या देवळातून निघाल्या होत्या. श्रावणातल्या एका रविवारी सोलापूरभोवतीच्या अडुसष्ट लिंगांना चालत जायचं, हा त्यांचा अकरा वर्षांचा नेम. कुठलं लिंग घराच्या भिंतीला टेकलेलं, कुठलं शेताच्या बांधाला. एरवी दाक्षायणी वाटभर जावेच्या तक्रारी सांगायची. या वर्षी जाऊबाईला सुट्टी होती.

दाक्षायणी नातेपुत्याची. लग्न होऊन सोलापुरात आली. नवरा कल्लप्पा टेम्पो चालवतो. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका चादर कारखान्यात तिला बावीस वर्षं झाली. पहिली आठ वर्षं टॉवेलच्या काठाला शिलाई मारण्यात गेली. मग कॉलेजच्या पोरींच्या मध्ये बसून तिनं एमएससीआयटी केलं आणि ती ऑफिसात आली. रोज सकाळी कॉम्प्युटरच्या कोपऱ्याला विभूतीचं बोट लावायचं आणि मगच बटण दाबायचं. थोरले मालक आधी हसायचे. पण बाकीचे कॉम्प्युटर बिघडायचे आणि हिचा चालायचा, तेव्हा हसायचे थांबले.

तिच्याकडं काम होतं डिझाईनच्या यादीचं. चादरीवरचं फूल मागावर येतं ते भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या कार्डांवरून. एका डिझाईनच्या कार्डांचा एक गठ्ठा, गठ्ठ्यावर खडूनं एक नंबर, आणि गठ्ठा माळ्यावर. कुठल्या नंबरात मोर, कुठल्यात कमळ, रंग कुठले, धागे किती, हे सगळं कॉम्प्युटरात. तो प्रोग्राम पंधरा वर्षांपूर्वी तौहीदनं करून दिलेला आणि त्यातली माहिती सिद्धप्पा मास्तरांनी तोंडानं सांगितलेली. मास्तर चाळीस वर्षं डिझाईन करत होते. खपत नाही अशा डिझाईनला ते कधी 'बंद' म्हणाले नाहीत. "झोपली," म्हणायचे. दसऱ्याच्या आधी येऊन यंदा कोण कोण झोपली ते सांगायचे, आणि दाक्षायणी त्या नंबरापुढं शून्य घालायची. तीन वर्षांमागं कलबुर्गीहून एक गृहस्थ आईच्या चादरीचा फाटका तुकडा घेऊन आले, तर एक झोपलेली उठली आणि सत्तर नग विणून गेली.

"हे मला ठाऊक हाय," महानंदा म्हणाली. "पुढचं सांग."

"पुढं धाकटे मालक पुण्याहून आले."

धाकटे मालक म्हणजे दिग्विजय. पोरगा चांगला, काकू काकू करणारा. त्यानं एक नवं साधन आणलं. त्यात प्रोग्राम लिहायचा नाही, पडद्यावर नुसते चौकोन ओढून ठेवायचे, की ॲप तयार. "तुम्हीच करा काकू, तुम्हाला यादी पाठ आहे," म्हणाला. आणि दाक्षायणीनं केलं की! पंधरा दिवसांत बटणं, रकाने, वर चादरीचा फोटो. मग तो म्हणाला, "आता बाहेरचा डेटाबेस जोडा." तिनं विचारलं, बाहेरचा म्हणजे कुठला? तो म्हणाला, आपलाच, तौहीदभाईंचा. आपलाच तर बाहेरचा कसा, हे तिला तेव्हाही कळलं नव्हतं. पत्ता, नाव, पासवर्ड, तीन रकाने भरले. हिरवी खूण आली. आणि पाचशे दोन डिझाईनं एकाखाली एक नव्या पडद्यावर हजर. तिनं हात जोडले.

"आता बघ अक्का. आमच्या कारखान्यात मूळ कार्डाला कुणी कात्री लावत न्हाय. कायपण बदलायचं असलं तर आधी नक्कल पाडायची, मूळ माळ्यावर बांधून ठेवायचं आणि नकलेवर खेळायचं. बावीस वर्षं हेच बघितलं. मला वाटलं, नव्या ठिकाणी यादी आली म्हणजे नक्कलच आली. धाकट्या साहेबाला दाखवायची तर सुटसुटीत दिसावी म्हणून शून्यवाल्या सगळ्या निवडल्या आणि काढल्या. तीनशे बारा. ॲपनं विचारलं पण, खरंच काढायचं का? मी म्हटलं, हो."

"मग?"

"मग संध्याकाळी जुन्या कॉम्प्युटरवर बघितलं. तिथंबी न्हाईत."

महानंदा थांबली. "तिथनं कशा जातील? तू तर इकडनं काढल्यास."

"मी तेच विचारायले की सकाळपासनं!"

तौहीद आता मोबाईलचं दुकान चालवतो. दाक्षायणी शुक्रवारी त्याच्याकडं जाऊन आली होती. तो डोक्याला हात लावून म्हणाला, "ताई, कॉपी कुठली? असली माल था वो. ॲप म्हणजे खिडकी. खिडकीतनं हात घालून तुम्ही घरातलं सामान फेकलंत." यादीची नक्कल ठेवलेली त्याच्याकडची जुनी डिस्क त्यानं तीनदा लावून बघितली. उघडलीच नाही.

"खिडकीला गज नसतात होय?" महानंदानं विचारलं.

"मी पण हेच विचारलं. तर म्हणाला, गज साहेबानं घालायचे असतात."

दोघी एका बोळात वळल्या. घराच्या मागच्या भिंतीला लागून एक लिंग होतं, वर बेलाचा ढीग. महानंदाला अस्वच्छ पिंडीवर पाणी घालवत नाही. तिनं सगळा बेल उचलून बाजूला ठेवला, पिंड धुतली, पुसली आणि आपली तीन पानं वाहिली. तेवढ्यात मागून आवाज आला.

"अवो, आत्ता वाहिलं की मी ते! चप्पल घालूस्तोवर काढलं व्हय?"

स्टीलची लोटी घेतलेली एक बाई कमरेवर हात देऊन उभी होती.

"मला वाटलं, कालचं हाय," महानंदा ओशाळली.

"तुमास्नी वाटलं! देव एकच हाय की हितं. तुमचा येगळा आन् माझा येगळा असतोय का?"

महानंदानं तिचा बेल परत पिंडीवर ठेवला, क्षमा मागितली. बाई पुटपुटत गेली. दाक्षायणी मात्र पिंडीकडं बघत तिथंच उभी.

"अक्का, हेच झालं," ती हळूच म्हणाली. "पडदा माझा, पण पिंड तीच."

महानंदाला अर्धं कळलं. म्हणजे यादी कुठं आली-गेलीच नव्हती. ती आपल्या जागी होती आणि दाक्षायणीच तिथं जाऊन पोचली होती. पण मग जोडणं कशाला म्हणायचं? आणि ती हिरवी खूण कसली, पोचलीस म्हणून शाबासकीची, का जपून म्हणून? तिनं हे दाक्षायणीला विचारलं. दाक्षायणी म्हणाली, "ते मला पण न्हाय कळलं."

दोघी पुढच्या लिंगाकडं निघाल्या. मग दाक्षायणीनं खरं काय ते सांगितलं.

"साहेबानं नवी यादी बघितली. एकशे नव्वद. म्हणाला, व्वा काकू! म्हणजे माळ्यावरचे बाकीचे गठ्ठे नुसती अडगळच. बुधवारी रद्दीवाला बोलावलाय."

"अगं बाई! मग तू काय म्हणालीस?"

"काय म्हणणार? अजून सांगितलं न्हाय. सांगितलं तर म्हणंल, बिननावाचे गठ्ठे ठेवून काय करू? एकेक मागावर चढवून बघायचा तर दिवस जातो, आणि रंग काय भोकात नसतात. न सांगावं तर मास्तरांची चाळीस वर्षं किलोवर जातील. माझी चूक म्हणावं तर मी नक्कल समजून केलं, आणि चूक न्हाय म्हणावं तर हो मीच म्हटलं की. डोकं चालंना झालंय बघ."

महानंदा म्हणाली, "मास्तर हाईत की अजून?"

"हाईत. वळसंगला लेकीकडं. डोळ्यांनी दिसत न्हाय. काल फोन केला. मी रडतच सांगितलं सगळं. मला वाटलं, शिव्या घालतील. तर नंबर चारशे बारा म्हणाले आणि सुरू झाले. मोर, काठाला काय, मध्ये काय, धागे किती... कानडीत, भराभरा. मला निम्मं कळलं, लिहायला एकबी जमलं न्हाय. शेवटी एवढंच कळलं, झोपल्यात, मेल्या न्हाईत."

महानंदाचं माहेर मैंदर्गीचं. तिथं घरात कानडी आणि शाळेत मराठी. महिला मंडळाचं टिपण वर्षानुवर्षं तीच लिहीत आली होती. दाक्षायणी आपल्याकडं का बघते आहे, हे तिला आता कळलं.

एका कडुलिंबाच्या सावलीत दाक्षायणी थांबली. पिशवीतून तिनं दोनशे पानी कोरी वही काढली. पहाटेपासून बेलाच्या खाली ठेवलेली, म्हणून पुठ्ठा थोडा ओला झाला होता.

"उद्या सोमवार. मी रजा टाकलीय. माझ्यासंगं वळसंगला चल. ते बोलतील, तू लिही. सगळ्या न्हाई आठवणार, जेवढ्या येतील तेवढ्या. मंगळवारी वही साहेबापुढं ठेवते."

महानंदानं वही घेतली. "येते की. त्यात काय विचारायचं?"

"आणखी एक हाय अक्का." दाक्षायणीनं पदरानं कपाळ पुसलं. "पहिलं पान मास्तरांचं नको. पहिल्या पानावर मी काय केलं ते लिही. नक्कल समजले ते लिही, हो म्हटलं ते पण लिही. मला लिहायला बसलं की आपली बाजूच सुचते. तू लिही, आणि माझं नाव घालून लिही."