तीन आठवडे रोखून ठेवलेला आनंद

माझ्या थोरल्या नणंदेला कारखान्यात 'नापासताई' म्हणतात. मागून नाही, तोंडावर. त्यांना त्याचं काही वाटत नाही. नाव तपासून पाहिलं, त्यात चूक सापडली नाही, एवढंच.

कारखाना औषधाच्या बाटल्यांचा. तिथे ताई एकतीस वर्षं तपासणीला बसल्या. समोर मागून दिवे लावलेली पांढरी काच, आणि तिच्यापुढून पट्ट्यावर एकामागून एक सरकणाऱ्या बाटल्या. केसाएवढा तडा, पोटात बुडबुडा, वाकडी मान, तळाशी खडा, काहीही दिसलं की बाटली उचलायची आणि बाजूच्या पिंपात टाकायची. वीस मिनिटं बघायचं, वीस मिनिटं डोळ्यांना विश्रांती. विश्रांतीत बाकीच्या बायका गप्पा मारतात. ताई त्या बायकांकडे बघतात आणि कुणाच्या बाहीची शिवण उसवली आहे ते सांगतात.

लग्नाला सहा वर्षं झाली होती तेव्हा त्यांचे यजमान गेले. मूलबाळ नव्हतं. त्या भावाकडे, म्हणजे आमच्या घरी, मागच्या खोलीत राहायला आल्या. मी लग्न होऊन आले तेव्हा त्या तिथे होत्याच. पहिल्या दिवशी त्यांनी मला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. मी पट्ट्यावर उभी असल्यासारखी श्वास रोखून राहिले. मग त्या म्हणाल्या, "ठीक आहे."

यांनी मला नंतर सांगितलं की ताईकडे याहून मोठं कौतुक मिळत नाही. ते पटायला मला चार वर्षं लागली.

आमच्या चर्चची मंडळी लहान, साठ-सत्तर माणसांची. रविवारी उपासना संपता संपता साक्षीची वेळ असते. ज्याला आठवड्यात देवाच्या कृपेचा अनुभव आला त्याने उभं राहून चार शब्द सांगायचे. कुणाचा खोकला थांबलेला असतो, कुणाची हरवलेली किल्ली सापडलेली असते. काही जण दर रविवारी उभे राहतात, आणि त्यांच्या किल्ल्याही दर आठवड्याला हरवतात. ताई सहसा उठत नाहीत. यजमान गेले तेव्हा मात्र दुसऱ्याच रविवारी उठल्या होत्या म्हणे. सगळ्यांनी रुमाल काढून ठेवले. ताई म्हणाल्या, "नवरा गेला. देवाशी बोलणं चालू आहे. अजून सांगण्यासारखं काही नाही." आणि बसल्या. अकरा महिन्यांनी पुन्हा उठल्या. "बोलणं सरळ झालं. आभार मानते." पुन्हा बसल्या. तेव्हाचे पाळक म्हणाले होते की एवढ्या छोट्या साक्षी त्यांनी ऐकल्या नाहीत, आणि त्यांच्याइतक्या दुसऱ्या कुठल्या लक्षातही राहिल्या नाहीत.

ताईंच्या मते शास्त्रातला सगळ्यांत भरवशाचा शिष्य म्हणजे प्रभू मेलेल्यांतून उठला हे त्याच्या जखमेत बोट घातल्याशिवाय मानणार नाही म्हणणारा. "बाकीच्यांनी ऐकीव माल घेतला," त्या म्हणतात. "तो एकटा तपासणीचा माणूस. आणि प्रभू त्याच्यावर चिडला नाही, हात पुढे केला. हे कुणी प्रवचनात सांगत नाही."

प्रवचनावर त्यांचं बारीक लक्ष असतं. आताच्या पाळकांनी एकदा दाखला दिला की संकटं म्हणजे भट्टी आणि आपण तिच्यातून उजळून निघणारी काच. ताईंनी घरी येऊन चप्पल काढता काढता सांगितलं, "पाळकांनी एकदा भट्टीशी येऊन उभं राहावं. काच उजळबिजळ काही होत नाही. वितळते."

तर मागच्या वर्षी ताईंच्या उजव्या डोळ्यात काळे ठिपके दिसायला लागले. त्यांना वाटलं बाटल्यांत खडे येताहेत. एका दिवसात त्यांनी एवढ्या बाटल्या नापास केल्या की सुपरवायझर धावत आले. त्यांनी बाटली उजेडात फिरवून पाहिली. "नापासताई, हिच्यात काही नाही हो." ताईंनी एक डोळा झाकला, मग दुसरा. मग म्हणाल्या, "बरोबर आहे. माल चांगला आहे. मी खराब आहे." आणि उठून थेट डॉक्टरांकडे गेल्या.

डोळ्याच्या आतला पडदा सुटला होता. ऑपरेशन झालं. पडदा जागेवर दाबून धरायला डॉक्टरांनी डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडला आणि सांगितलं, दहा दिवस पालथं पडून राहायचं, तोंड जमिनीकडे.

"एकतीस वर्षं बुडबुडे नापास केले," ताई म्हणाल्या. "आता एक पास करून घ्यावा लागतोय."

दहा दिवस त्या पलंगाच्या कडेबाहेर तोंड काढून फरशी बघत पडल्या. मी खाली बसून त्यांना नळीने पाणी पाजायची. तिसऱ्या दिवशी त्यांनी सांगितलं की पलंगाखालची चौथी फरशी बसवणाऱ्याने उलटी बसवली आहे. मी वाकून पाहिलं. बसवली होती. या घरात मी अठरा वर्षं रोज ती फरशी पुसत आले आहे.

सहाव्या दिवशी मी पाणी घेऊन गेले तर पालथ्या ताईंचे खांदे हलत होते. मला वाटलं रडताहेत. त्या हसत होत्या. माझ्या माहितीत ताई वर्षातून दोनदा हसतात.

"काय झालं ताई?"

"काही नाही गं. मागायचं संपलं."

"म्हणजे?"

"पाच दिवस देवाकडे मागत होते. डोळा, नोकरी, तुमच्यावर भार नको, सगळं. आज सकाळी यादी संपली. मग नुसती पडून राहिले. तर कळलं की खोलीत मी एकटी नाही."

"मी आत्ताच आले ना."

"तू नाही गं," ताई म्हणाल्या, आणि पुन्हा खांदे हलायला लागले.

दहा दिवसांनी त्या उठल्या. एका डोळ्याने अंतर कळत नाही, त्यामुळे पाणी पेल्याच्या शेजारी ओतायच्या. ओतलं की हसायच्या. आयुष्यभर ताकही फुंकून पिणारी बाई ओल्या टेबलाकडे बघून हसते, हे आम्हाला जड जायला लागलं. त्यांनाही जड जात होतंच. पुढच्या खेपेला त्यांनी डॉक्टरांना विचारलं, "या औषधात हसू येण्यासारखं काही आहे का?"

"ते डोळ्यात घालायचे थेंब आहेत, बाई," डॉक्टर म्हणाले.

सहा आठवड्यांनी डॉक्टरांनी शेवटचं तपासलं. उजवा डोळा गेला होता. परत येणार नव्हता. यांनी डॉक्टरांना तीन वेळा तेच विचारलं आणि परत येताना रिक्षात रडले. ताई त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. घरी आल्यावर त्या माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "अजून आहे."

"काय?"

"ते. आतलं. मला वाटलं होतं डोळा बरा होईल या आशेचं असेल. डोळा गेला आणि ते गेलं नाही." त्यांच्या कपाळावर आठी होती. "पण इतक्यात काही बोलायचं नाही. काच घाईत निवली की दिसायला अगदी छान दिसते, आणि चार दिवसांनी कपाटात ठेवल्या ठेवल्या तडकते. तीन आठवडे रोखून ठेवते."

कारखान्यात शंकेचा माल असा बाजूला रोखून ठेवतात, हे मला ठाऊक होतं. माणसाचा आनंद कुणी रोखून ठेवल्याचं मी ऐकलं नव्हतं.

याच आठवड्यात आमच्या महिला मंडळाच्या सचिवबाई भेटायला आल्या. मनाच्या फार चांगल्या. ताईंच्या डोळ्यासाठी त्यांनी बायकांची उपास-प्रार्थना लावली होती, स्वतः तीन दिवस उपाशी राहिल्या होत्या. मी चहा ठेवला. ताईंनी सचिवबाईंच्या पुढचा कप उचलून बघितला आणि म्हणाल्या, "हा बदल गं, काठाला टवका गेलाय." एवढं बोलून गोड हसल्या. सचिवबाईंनी तो टवका शोधला, त्यांना सापडेना. त्यांचे डोळे भरून आले. त्या चहा न पिताच गेल्या. मला वाटलं घाईत असतील.

रविवारी ताईंना थोडा ताप होता, म्हणून मी घरीच थांबले. हे एकटे उपासनेला गेले आणि पांढरेफटक होऊन परत आले.

"ताई, सचिवबाईंनी साक्ष दिली. तुझा डोळा परत आला म्हणून. चमत्कार झाला म्हणून. सगळे उभे राहून टाळ्या वाजवत होते."

"आणि तू?"

"मी... मी पण उभा होतो. बसून कसा राहणार?"

"टाळ्या?"

"दोन-तीनच," हे म्हणाले.

टवका डाव्या डोळ्याने पाहिला होता. तो डोळा अजून एकतीस वर्षं कामाचा होता.

ताईंनी त्याच संध्याकाळी सचिवबाईंना बोलावून सांगून टाकलं. सचिवबाई खुर्चीत बसल्या त्या बसल्याच. मग म्हणाल्या, "ताई, आता काय करायचं? तीन आठवड्यांनी उपकारस्तुतीची सभा आहे. पाळकसाहेबांनी पहिलं नाव तुमचं लिहिलंय."

"मग सांगीन की मी."

"काय सांगाल? चाळीस बायकांनी उपास केले. त्यातल्या निम्म्यांच्या घरी दुखणं आहे. तुमच्याकडे बघून त्यांना धीर आलाय. तुम्ही खोटं बोलू नका, नुसतं आभार मानून बसा. हजार बाटल्यांत एक सुटली तर एवढं काय बिघडतं?"

ताई उठल्या, आपल्या खोलीतून सुईदोऱ्याचा डबा घेऊन आल्या. त्यातून कागदात गुंडाळलेला काचेचा तुकडा काढला. "ही सुटलेली एक. पाळी संपत आली होती, मला जायची घाई होती. एका नर्सच्या हातात फुटली. तिचा अंगठा वाकत नाही. तिने पत्र पाठवलं, त्यात हा तुकडा होता." तुकडा परत गुंडाळत त्या म्हणाल्या, "निम्म्या घरी दुखणं आहे म्हणालात ना? मग त्यांच्या हातात मी ही देऊ?"

सचिवबाई रडायला लागल्या. "माझं तोंड कुठे लपवू मग? लोक म्हणतील, हिच्या प्रार्थनेत जोर नाही."

ताईंनी सचिवबाईंसाठी पाणी ओतलं, निम्मं बाहेर. या वेळी मात्र हसल्या नाहीत.

ते तीन आठवडे मला लांब गेले. खरं सांगायचं तर मला भीती ताईंच्या आनंदाची होती. तो तडकला तर त्या उभं राहून तेही सांगणार, सगळ्यांसमोर, आणि मग बसणार कशाच्या जोरावर? त्या मात्र पद्धतशीर होत्या. कारखान्याने कळवलं की तपासणीच्या जागेवर दोन डोळे लागतात, तुमचा विचार करू. ताईंनी पत्र वाचलं, पाच मिनिटं डोळे मिटून बसल्या आणि म्हणाल्या, "आहे." जिन्याच्या पायरीचा अंदाज चुकून पडल्या, गुडघा सोलला. मी हळद घेऊन धावले. त्या जमिनीवरूनच म्हणाल्या, "थांब जरा." आत डोकावून बघितलं असावं. "आहे गं." एका दुपारी मात्र यजमानांचा जुना फोटो उजव्या बाजूला धरून पुसताना ताईंना तो चेहरा नीट दिसेना. बराच वेळ त्या फोटो डाव्या बाजूला धरून बसल्या होत्या. मी दाराशी उभी राहिले, विचारायचं धाडस होईना.

"रडू आलं," त्या आपणहून म्हणाल्या. "रडून झालं. खाली अजून आहेच."

उपकारस्तुतीच्या दिवशी सभागृह भरलं होतं. पाळकांनी नाव घेतलं. ताई बाकावरून उठल्या. त्यांच्या उजवीकडे सचिवबाई मान खाली घालून बसल्या होत्या, हातात रुमालाची गोळी.

"माझा उजवा डोळा परत आलेला नाही," ताई म्हणाल्या. "डॉक्टर म्हणतात येणार नाही. त्याबद्दल तुम्ही टाळ्या वाजवल्या, त्या परत घ्या."

पाळकांनी हातातला कागद उगीच उलटा केला.

"सचिवबाईंची चूक नाही. मी हसत होते, त्यांनी हसण्याचं कारण डोळा धरलं. कुणीही तेच धरलं असतं. मीही आधी तेच धरलं होतं. त्यांनी तीन दिवस उपास केला आणि डोळा मागितला. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन, असं म्हणतात. माझं उलटं झालं, दोन होते, एक राहिला. पण त्याच दिवसांत मी पालथी पडले असताना माझ्याजवळ कुणीतरी येऊन बसलं, ते अजून उठलेलं नाही. ते उपासाने झालं की कसं, मला माहीत नाही. माझं खातं ते नाही. मी फक्त तपासते. डोळा गेला असं कळल्यावर तीन आठवडे तपासलं. नोकरीचं पत्र आलं, पडले, रडले. ठोकून पाहिलं, उजेडात धरून पाहिलं. तडा नाही."

आणि मग, एकतीस वर्षांत पट्ट्यावरच्या बाटलीला म्हटलं असेल तशाच आवाजात, त्या म्हणाल्या, "पास."

मागच्या बाजूने कुणीतरी टाळी वाजवली. ताई तिकडे वळल्या. "टाळ्या नकोत. आभार माना."

मग त्या बसायला गेल्या आणि त्यांचा बाकाचा अंदाज चुकला. उजव्या बाजूला त्यांना काही दिसत नाही. त्या खाली जाणार एवढ्यात सचिवबाईंनी त्यांना दोन्ही हातांनी कमरेत धरलं आणि बाकावर ओढलं. जरा जोरातच. दोघी एकमेकींवर आदळल्या. सचिवबाई रडत होत्या आणि हसतही होत्या. ताईंनी त्यांच्याकडे मान पूर्ण वळवून, डाव्या डोळ्याने नीट पाहिलं.

"ठीक आहे," ताई म्हणाल्या.

कारखान्याने ताईंना रोखलेल्या मालाच्या खोलीत बसवलंय. तिथे पट्टा नाही, घाई नाही, एक डोळा पुरतो. सचिवबाई आता दर रविवारी ताईंच्या उजव्या बाजूला बसतात. साक्षीला उठायचं मनात आलं की आधी ताईंच्या कानाशी लागून सांगतात. ताई ऐकतात. बहुतेक वेळा म्हणतात, "दोन आठवडे थांबा." सचिवबाई थांबतात.