दुसरा फॉर्म

माझी भावजय लाँड्रीत इस्त्री करायची. पुतणी गणितात वर्गात पहिली. तरी शाळेने इतरांना कॉलेजचे फॉर्म दिले आणि परमुलखातून आलेल्या आमच्या लोकांच्या मुलींना शिवणकामाच्या कोर्सचे. मी म्हणालो, जाऊ दे. भावजय फॉर्म भरायच्या शेवटच्या दिवशी कामावरून थेट शाळेत गेली.

कारकून म्हणाला, "बाई, तुमच्या मुली शिवणकामालाच जातात."

"बाकीच्यांचं राहू द्या. माझ्या मुलीचे गुण बघा."

"उद्या बघतो."

"आज बघा. मी बसते. एरवी दिवसभर उभीच असते."

शाळा बंद होताना फॉर्म मिळाला. कॉलर तपासावी तसा तिने तो दोनदा तपासला, मगच सही केली. पुतणी कॉलेजात गेली. पुढच्या वर्षी फॉर्म वाटायच्या दिवशी भावजय रजा टाकून गल्लीतल्या तीन मुलींसोबत शाळेत जाऊन बसली.