हरळीखालचा चोर

आमच्या घराची अब्रू हरळीवर होती म्हटलं तर हसाल. पण केलगेरीच्या बाजूला, मराठी-कानडी मिसळ वस्तीत, आम्ही राहायचो तेव्हा गल्लीतल्या सगळ्या गणपतींना दुर्वा आमच्याच अंगणातून जायच्या. अप्पा, म्हणजे माझे वडील, वकील. कोर्टात हरले तरी पोटभर जेवायचे. हरळीवर कुणी चप्पल घालून चाललं, की मात्र घास उतरायचा नाही.

मी अकरा वर्षांची असताना आषाढात त्या हरळीवर पिवळे डाग पडले. नेमक्या त्याच डागांवर साळुंक्या आणि एक तुरेवाला हुदहुद रोज चोची खुपसायचे. पाखरं मुळं उपटतात, असा अप्पांनी निकाल देऊन टाकला आणि माझ्या हातात रॉकेलचा रिकामा डबा दिला. शाळेआधी आणि शाळेनंतर मी तो इमानेइतबारे बडवला. पाखरं गेली. डाग मात्र वाढतच चालले.

मला राहून राहून वाटायचं, मुळंच खायची तर एवढी लांब चोच कशाला? एका संध्याकाळी हुदहुद परत आला तेव्हा मी मुद्दाम डबा वाजवला नाही. त्याने चोच आत घातली, काहीतरी पांढरं ओढून वर उडवलं आणि गट्ट केलं. ते वळवळत होतं. मुळं कधी वळवळतात का?

दुसऱ्या दिवशी नागपंचमी. नागोबाला लागू नये म्हणून त्या दिवशी आमच्याकडे जमिनीत खुरपं घालत नाहीत. सगळे झोक्यापाशी गेले होते. मी खुरप्याला शिवले नाही, नुसती डागावरची हरळी हाताने ओढली. ती चटईसारखी अख्खी उचलून आली. मुळं नव्हतीच. खाली गलेलठ्ठ पांढऱ्या अळ्या अंग मुडपून पडलेल्या. मुळं कुरतडणारी हुमणी.

मागे अप्पा उभे. आता पाठ सोलून निघणार, असं मला वाटलं.

"खणलंस?"

"नाही. ओढलं."

ते धोतर सावरून खाली बसले आणि एक अळी तळहातावर घेऊन बराच वेळ बघत राहिले. "म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी दिली की मी," म्हणाले, आणि डबा न्हाणीघरात नेऊन ठेवला.

पण संन्यासी रुसले होते. चतुर्थी महिन्यावर आलेली, आणि पाखरं काही येईनात. रोज सकाळी आम्ही बापलेक पायरीवर गप्प बसायचो. नवव्या दिवशी हुदहुद उतरला. तेवढ्यात आईने आतून चहाला हाक मारली, तर अप्पांनी तिलाच ओठांवर बोट ठेवून गप्प केलं. मागोमाग साळुंक्याही यायला लागल्या.

तरी उशीर झाला होता. चतुर्थीला जेमतेम एक जुडी निघाली. आदल्या दिवशी अप्पा गल्लीत घरोघर गेले, मराठी दारात मराठीतून आणि कन्नड दारात कन्नडमधून सांगत, "यंदा दुर्वा नाहीत. मी पाखरं हाकलली." मी त्यांच्या मागेच होते. डबा कुणी बडवला, ते त्यांनी एकाही दारात सांगितलं नाही.