आठवं नाव

आमच्या कंपनीच्या बसमधला सिद्धेश म्हणजे माणूस सोन्यासारखा, पण भारी चौकशीखोर. दिघीवरनं बस निघायच्या आधी हा दारात उभा. ठेकेदाराचा नवीन गडी चढला की सुरू: नाव काय, आडनाव काय, गाव कुठलं, अन् वर आणखी, "तुमच्याकडचं कुणी समुद्राकडे गेलं नि परत आलं नाही, असं आहे का?" सकाळी साडेसहाला, माणसाचं डोळं धड उघडलेलं नसताना. ड्रायव्हर ज्ञानदेव हॉर्न बडवतोय, आमी घड्याळ बघतोय, अन् ह्याचं अजून आडनावच चाललंय. आमी त्याचं नाव तलाठी ठेवलं.

मी गोरक्ष, मोशीला चढतो. सहा वर्षांमागं पहिल्याच दिवशी मलाबी इचारलं. म्हणलं, "भावा, आमी इंद्रायणीत गुडघ्याच्या वर जात न्हाई, समुद्र कुठला काढलास?" सगळी बस हसली. तोबी हसला.

खरं सांगायचं तर मी टोलवलं होतं. माझा मामा सतरा वर्षांमागं घर सोडून गेला. पक्का माळकरी माणूस. भोसरीत प्रेस मशीनवर दोन बोटं गेली, मग काम गेलं, आजोबा टाकून बोलले, अन् हा जो रुसून निघाला तो निघालाच. घरातलं बसमधी कशाला सांगा, म्हणून मी गप.

माझी आई ठकुबाई त्याच्यावर अजून पेटलेली. नाव घेत न्हाई, नुसतं "त्यो" म्हणती. पण राखीला दरसाल एक राखी जास्तीची आणती अन् शिव्या देत पत्र्याच्या डब्यात ठेवती.

यंदा नारळी पौर्णिमेसाठी सिद्धेशनं पंधरा दिवस आधीच सुट्टी टाकली. मी चिडवलं, "काय तलाठीसाहेब, दौरा कुठं?" तर हा शेजारी बसला अन् चाकण येईस्तोवर बोलत राहिला.

हा मूळचा कोकणातल्या एका बेटावरचा. सगळी मिळून चाळीस घरं. सोळा-सतरा वर्षांमागं तिथली एक होडी वादळात बुडाली, आठ माणसं होती, एकबी परतलं न्हाई. सिद्धेशबी त्याच होडीवर जायचा, पण तापानं पडला, म्हणून त्याच्या जागी दुसरा गेला. त्याच्या चारच महिने आधी घाटावरनं आलेला गडी.

"माळकरी म्हणायचो त्याला," सिद्धेश सांगत होता. "जाळं आमच्याबरोबरीनं ओढायचा, पण मासा तोंडात घालायचा नाही. लय चिडवायचो. नाव मात्र कुणी विचारलं नाही. मीसुद्धा नाही. आता गावात दगड बसवतायत, गेलेल्यांच्या नावांचा. सात नावं झाली. माझ्या जागी गेला, त्याचंच नाव नाही."

मी त्याच्याकडं वळलो. इचारलं, "हात कसं होतं रं त्याचं?"

"उजव्या हाताची दोन बोटं नव्हती. म्हणायचा, मशीननं खाल्ली."

गेटावर बस थांबली, सगळी उतरली, मी बसूनच. सहा वर्षं ह्या माणसाला मी हसण्यावारी नेलं अन् तिकडं आईला वाट बघाया लावली. लय लाज वाटली मला.

रविवारी त्याला घरी नेलं. आईपुढं मान खाली घालून त्यानं सगळं सांगितलं. शेवटी म्हणला, "माझ्यापायी गेला तो." आईनं शांतपणे ऐकलं. मग एकच इचारलं.

"मासं खाल्लं का रं त्यानं?"

"एकदाही नाही, आई. आम्ही कालवण खायचो, तो मीठ-भात."

"मुलखाचा हट्टी," आई म्हणली, अन् तवा कुठं रडली.

जरा वेळानं तिनं डबा आणला. एक राखी सिद्धेशच्या मनगटाला बांधली, बाकीच्या त्याच्या हातात दिल्या. "ह्या तिथं पाण्यात सोड," म्हणली. सिद्धेशनं खिशातनं कागद-पेन काढलं अन् नाव इचारलं. सतरा वर्षांत आईनं ते पहिल्यांदा घेतलं.

"आबाजी."

सिद्धेशनं ते लिहिलं अन् सवयीनं इचारलं, "आडनाव? गाव?"

ह्या खेपेला मी हसलो न्हाई.