ग्वेनिथचा घोगरा आवाज

कार्डिफच्या आमच्या स्टुडिओत ग्वेनिथ प्रॉबर्ट कालप्रवासाच्या श्राव्य मालिकेत प्रवाशाच्या सोबतिणीचं काम करायची. गळ्याच्या ऑपरेशननंतर तिचा आवाज घोगरा झाला आणि तिने येणंच सोडलं. शेवटी मालिकेत प्रवाशाचं काम करणारा डेसमंड तिला ओढतच घेऊन आला.

"अरे, बेडकासारखी बोलते मी," ती माइकसमोर कुरकुरली.

"आधी मांजरीसारखी बोलायचीस. कुणी तक्रार केली का?" तो म्हणाला. "सोबतीण म्हातारपणी पुन्हा भेटते, असा प्रसंग लिहून घेतलाय. वाच गपचूप."

तिने वाचलं. काचेपलीकडे रेकॉर्डिंग करणारा मी चहा प्यायला विसरलो.

"पुन्हा घ्यायचं का?" तिने घाबरत विचारलं.

"कशाला? झकास झालंय!" मी म्हणालो.

ग्वेनिथ मटकन खुर्चीत बसली आणि घोगऱ्या आवाजात पोटभर हसली.